अंगठा

मंगळवारी रॉटरडॅमहून साहेब येणार,
म्हणून सोमवारी वेंगुर्ल्याच्या कारखान्यात
हातमोज्यांचा खोका फुटला.
चुना, फिनेल, नवी बादली.
भिंतीवर फलक: आमची मूल्ये.

मी कारकून. शाईचं पॅड माझ्याकडे.
बेनिनहून आलेली पोती उतरवून घेतो,
पांढरे गर मोजून पुढे पाठवतो.
मधलं कुणी विचारत नाही.

साहेब भला माणूस,
प्रत्येकीला वाकून नमस्कार म्हणाला.
कागदावर छापलेलं:
मोजे रोज मिळतात. हात सुरक्षित आहेत.
खाली अंगठा.

शेवंती मोचेमाडकर,
बावीस वर्षं काजू फोडते.
मोजा काढून तिनं अंगठा टेकवला.
उमटला नुसता निळा डाग,
रेघ एकही नाही.
पुन्हा दाबला. पुन्हा डागच.

‘रेघो खंय रवल्यो, भाऊ?
डिकान खाल्ल्यान.’

साहेबानं माझ्याकडे पाहिलं: काय म्हणते?
मॅनेजरनंही पाहिलं.

शाई जुनी झालीय म्हणते, मी सांगितलं.

संध्याकाळी मोजे मोजून खोक्यात भरले.
घरी साबणानं हात धुतले, तरी
पॅडचा निळा बोटावरून जाईना.
त्यात माझ्या रेघा
सगळ्या जागच्या जागी.