नावाडीण, अकरा सेकंद

पहिल्या सत्रात मी नुसते योद्धे काढले.
खांद्यांवर पोलादाचे डोंगर,
पाठीला तलवार, मांडीला तलवार,
आणि एक जास्तीची, कुठे ठेवावी कळेना म्हणून दातांत.
लेओकाडियाबाईंनी चष्मा कपाळावर सारला,
कोपऱ्यातलं स्टूल ओढून पुढ्यात ठेवलं
आणि म्हणाल्या, बसव त्याला.

नाही बसला.
गुडघ्याशी चिलखताला चिलखत अडायचं,
मान वळवली की कान कापला जायचा.
बोझिदार मागच्या बाकावर इतका हसला
की त्याचा चहा त्याच्याच चित्रावर सांडला.

दिवसा मी कवळ्या बनवते,
ट्रॅमच्या शेवटच्या थांब्याजवळच्या तळघरात,
गुलाबी मेणात एकेक दात रोवत.
माणसं मला साच्यांतून भेटतात.
डावा सुळा झिजलेला: हा पाइप ओढतो.
पुढच्या दोघांत खाच: ही दोरा दातांनी तोडते.
कुणी वर्षानुवर्षं झोपेत दात खातं,
कुणावर, ते साच्यात उमटत नाही.

फेब्रुवारीत स्वाध्याय आला.
एक नावाडीण. अख्ख्या खेळात अकरा सेकंद.
नायकाला पैलतीरी सोडते, दोन नाणी घेते, संपली.
तिला नाव नाही. संवाद एकच: उतरा.
मी दातांच्या कण्या केल्या, मला ड्रॅगन द्या.
बाई म्हणाल्या, ड्रॅगन सोपा,
चुकला तर तक्रार कोण करणार?
आणि दाराशी थांबून:
ती नाणी कुठल्या खिशात टाकते,
कळलं की ये.

आमच्या शहराच्या नावाचा अर्थ होडी.
नद्या मात्र कधीच्या जमिनीखाली कोंडल्या,
गिरण्यांखालून, रुळांखालून, नळांतून वाहतात.
इथे नावाडीण शोधायची कुठे?
तीन आठवडे मी थांब्यावर उभी,
वही गारठून पत्र्यासारखी.
काढत गेले: पिशवी या हातातून त्या हातात घेणारी बोटं,
बर्फावर पडण्याआधी चाचपणारा बूट,
तिकीट सापडेपर्यंत दातांत धरलेला हातमोजा.
पानं भरली. नावाडीण आली नाही.

मग कामावर साचा क्रमांक सहाशे चौदा.
खालचा जबडा, बाई, साठीच्या पुढची.
उजव्या दाढा घासून सपाट,
डावीकडे नुसती हिरडी, गुळगुळीत, फार जुनी.
ही अर्धं आयुष्य एकाच बाजूनं जेवली.
तो हातात धरून मी माझा जबडा तसा करून पाहिला
आणि मान आपोआप कलली,
मानेमागून खांदा उतरला,
म्हणजे वल्हं उजवीकडे,
म्हणजे डावा हात रिकामा,
म्हणजे खिसा डावीकडचा, तळाशी दोनदा शिवलेला,
कारण नाणी ओली असतात.
पाकिटाच्या पाठीवरच काढलं, मेणाच्या डागासकट.

वर्गात बाई चित्र आधी काळं करतात.
डोळे नाहीत, रंग नाही, नुसती आकृती,
आणि विचारतात, कोण?
कुणी म्हणालं म्हातारी, कुणी म्हणालं चोर.
बोझिदार हसला नाही.
त्याचा हात स्वतःच्या गालावर गेला होता,
त्याला ठाऊक नसताना.

खेळ बांधणाऱ्या मुलांनी नंतर सांगितलं,
तिथे धुकं आहे, डोक्यावरून शाल घे,
बोटं पाच परवडत नाहीत, तीन पुरे,
आणि अकराचे आता सात सेकंद.
ठीक आहे.
तिचे ओठ मिटलेलेच असतात.
आत मी दात काढलेत,
उजवीकडे चार, डावीकडे काही नाही.

सहाशे चौदाची कवळी मंगळवारी रवाना झाली.
पहिले काही दिवस टोचेल.
मग ती डावीकडूनही चावू लागेल,
पावाचा कडक काठ सुद्धा,
आणि मान, निदान थोडी, सरळ होईल.
माझी नावाडीण तशीच राहील, कललेली,
खिसा चाचपत,
उतरा.