दर दहा किलोला एक गोळी

ऑक्टोबर अर्धा झाला की कळप डोंगरावरून उतरतात,
त्यांच्यामागे दोन दिवसांनी मी कारा-बुलुनला पोचते.
गाडीचं डावं दार दोरीनं बांधलेलं.
मागे लसींची शीतपेटी, धान्य तोलायचा काटा,
आणि पातेलंभर चरबी, मेंढीच्या शेपटाची,
बोटाएवढे तुकडे केलेली.
नुसती गोळी कुठलाच कुत्रा गिळत नाही.

दर दहा किलोला एक.
म्हणून आधी वजन.
धनी कुत्र्याला कवेत घेऊन काट्यावर चढतो,
मग एकटा चढतो.
वजाबाकी मी करते, मोठ्यानं,
आणि रांगेतल्या बायका हसतात,
कारण कुत्रा वजा केल्यावर जेनिशबेक किती उरतो
हे सगळ्या गावाला कळतं.

मेंढरांमागचे कुत्रे अंगानं दांडगे,
लांडग्यानं धरू नयेत म्हणून कान छाटलेले,
सुई दिसली की त्यांचेच पाय लटपटतात.
शिकारी तायगन मात्र आकाशाकडे बघत राहतो,
जणू टोचलं ते दुसऱ्या कुणाला.
मांजरं येतात खोगिराच्या पिशवीतून.
पिशवीच गुरगुरते, पिशवीच ओरबाडते,
वाटतं, पिशवीलाच लस द्यावी आणि मोकळं व्हावं.

या करड्या मांजरीचा मालक कोण?
सायकाल म्हणते, दूध पिते ती तोक्तोसुनकडे.
तोक्तोसुन म्हणतो, झोपते शाळेत.
शाळेचा शिपाई म्हणतो, शाळेला सुट्ट्या असतात, बाई.
रकाना कोरा ठेवायची सोय नाही.
मी लिहिते : मालक, हिवाळा.
जिल्ह्याच्या कचेरीतून अजून कुणी विचारलेलं नाही.

प्रत्येकाला तेच सांगते.
दोन दिवस बांधून ठेवा. पडेल ते जाळा.
सोगुमचं जनावर कापाल तेव्हा
काळीज कुत्र्याला टाकू नका,
कितीही बघत बसला तरी.
माना हलतात.
माना हलवायला काय जातंय.

म्हणून कधी कधी, बायकांपुरता,
गाडीच्या आडोशाला सदरा वर करते.
उजव्या बरगडीखाली वीतभर शिवण.
सात वर्षांची होते. कुत्र्याचं नाव बोर्सोक,
तळलेल्या पिठासारखा पिवळा,
रोज माझं तोंड चाटून मला उठवायचा.
बाराव्या वर्षी बिश्केकच्या डॉक्टरांनी
माझ्या यकृतातून पाण्याची गाठ काढली,
संत्र्याएवढी.
वडील मला घरी घेऊन आले,
अंथरुणावर निजवलं, खुंटीवरची बंदूक उतरवली.
अठरा किलो असेल बोर्सोक.
दोन गोळ्यांत बरा झाला असता.
त्याला एकच लागली.

हे शेवटचं मी बायकांना सांगत नाही.

उन्हं कलतात. पातेल्यात चार तुकडे.
ओरोझाली सगळ्यांत शेवटी येतो, दरवर्षीसारखा,
कुत्र्याच्या चालीनं चालत.
वसंतात एक्केचाळीस भरला होता, आज तेहतीस.
म्हातारा काट्याकडे बघतच नाही.
म्हणतो, याला कशाला आता?
दात नाहीत, हाडं फोडत नाही,
लांडगे येऊन याच्या शेजारी बसले तरी कळायचं नाही.

मी साडेतीन गोळ्या मोडते.
म्हणते, घरात नातवंडं आहेत ना?
आहेत, तो म्हणतो. चौथं नोव्हेंबरात येतंय.

कुत्रा चरबी चघळतो, बराच वेळ,
अगदी मन लावून,
आणि गोळ्या माझ्या तळहातावर परत काढून ठेवतो,
ओल्या, जशाच्या तशा.
पुन्हा चरबी. पुन्हा तेच.
तिसऱ्या वेळी मी त्याचा जबडा मिटून धरते,
गळ्यावरून हात फिरवते, खाली, खाली,
गिळल्याचं बोटांना कळेपर्यंत.

मग तो मान वर करतो, जीभ बाहेर.
मी तोंड फिरवते, सवयीनं.
हात तिथेच ठेवते,
ओरोझाली गाठ सोडवून दोरी गुंडाळेपर्यंत.

डब्यातलं पाणी एव्हाना बर्फासारखं.
साबण दोनदा लावते.