एकास बहात्तर

सोमवारी उद्यमनगर बंद.
भट्टी गार, लेथवर गोणपाट.
माळ्यावरच्या टेबलावर
दस्तगीर आणि मी डोंगर मांडतो.

डोंगर म्हणजे फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल,
हॅक्सॉच्या पात्यानं तासलेला,
वर डिंकात भिजवलेली रद्दी,
त्यावर वाळवलेला चहाचा चोथा.
टपरीवाला आण्णू आमच्यासाठी वेगळा ठेवतो;
दुधाचा नको, बुरशी धरते,
हे त्याला दोनदा सांगावं लागलं.
जांभ्याचा रंग सापडायला वर्ष गेलं.
गेरू फार तांबडा, विटेचा चुरा फार शहरी.
शेवटी पन्हाळ्याच्या वाटेवर स्कूटर लावून
दस्तगीरनं रुमालात मूठभर माती आणली,
मी ती मैद्याच्या चाळणीनं चाळली.
(चाळणी घरात परत घेतली नाही.
ती लढाई वेगळी.)

झाडं दोडक्याची.
वाळल्या दोडक्याची जाळी, कातरून, हिरव्या भुकटीत घोळून.
लांबून रान वाटतं.
जवळून अंघोळ आठवते.

माणसं आम्हीच ओततो.
दिवसभर पंपाचे इंपेलर ओतणारा हात
रात्री चमच्याएवढं कथील साच्यात सोडतो.
बोटाच्या पेराएवढा माणूस.
ढाल तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी.
अंगरखा, दुशेला, पायातला चिखल,
सगळं झाल्यावर तोंड.
एकाच केसाच्या ब्रशनं दोन डोळे,
आणि त्या वेळी श्वास धरावा लागतो,
नाहीतर माणूस तिरळा होऊन लढायला जातो.

घोडखिंड.
टॉस हरेल तो विजापूरकर,
आणि झाला की मनापासून व्हायचं,
मुद्दाम हरायचं नाही:
हा पहिला नियम, भिंतीवर खडूनं लिहिलाय.
खिंड दहा डाव टिकली पाहिजे.
दहाव्याला तोफ,
म्हणजे परातीवर सांडशीचे पाच टोले.

मागच्या सोमवारी केरबा सुतार जिना चढून आले.
चाळीस वर्षं ह्या गल्लीत लाकडी पॅटर्न केलेला माणूस,
गुडघे धरत स्टुलावर बसला, बोलला नाही.
चौथ्या डावाला मी फासे टाकले.
एक, एक, दोन.
खिंड पडली.

"तोफ?"
"अजून नाही झाली, मामा."
"मग पडली कशी?"
"फासेच पडले तसे."

परात भिंतीला टेकलेली होती.
खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो रिव्हर्स घेत होतं.
मामांनी आडवा झालेला एक जण उचलला,
चष्मा कपाळावर सारून तळहातावर धरला.
"पागोट्याखाली घाम दावलायस?"
"होय."
"मग ह्याला कुठं ठावं हुतं रं,
तोफ हुणार हाय म्हणून?"

आम्हाला उत्तर आलं नाही.
त्यांनी त्याला जागेवर परत उभा केला,
तळाला चिकटलेला चोथा अंगठ्यानं पुसून,
आणि जिना उतरले, एकेक पायरी.

आज आम्ही येण्याआधीच ते दारात.
पिशवीतून सागवानाचा तुकडा काढला:
कडा. भेगांसकट, कोरून, पॉलिश न करता.
"तुमचा डावा अंग लई सोपा हाय, लगा.
शेळीसुदिक चढंल."
दस्तगीरनं कॅलिपर लावला.
खिंड अर्ध्या इंचानं अरुंद.
बहात्तरनं गुणलं की तीन फूट,
म्हणजे रांगेत शत्रूचा एक माणूस कमी.

हे नियमात बसतं का, मी विचारलं नाही.
दस्तगीर विजापूरकर होता,
त्यालाच विचारायला हवं होतं.
तो डिंकाची बाटली उलटी धरून
बुडाशी राहिलेलं खाली यायची वाट बघत होता.

कडा बसला.
सांध्यावर पन्हाळ्याची माती भुरभुरली.
मामा स्टुलावर, हात गुडघ्यांवर.

फाशांना आम्ही काही सांगितलं नाही.