सातशे ऐंशीची

वाशीला पुजारीच्या दुकानात, सोड्याच्या क्रेटमागे,
सहा बाटल्या होत्या कॅबर्नेच्या, दिंडोरीकडच्या,
ओल लागून लेबलांवरची अक्षरं फुगलेली.
"मॅडम, बाराशेची आहे. लेबल गेलं म्हणून सातशे ऐंशी."
मी बाटली उजेडात आडवी धरली.
बूच घट्ट, मान कोरडी, गळ्यापर्यंत भरलेली.
लेबलाचं काय, रबाळ्याला तीस वर्षं
रंगाच्या डब्यांवरची लेबलं वाचली;
आत काय आहे ते झाकण निघाल्यावर
नाकालाच कळायचं.

एक त्याच रात्री उघडली.
आधी ढोबळी मिरची चिरल्याचा वास,
मग जांभूळ, मग जिभेवर कात,
नुसता कात, चुना न लावलेल्या पानातला.
गाल आतून आवळले.
तरी ओतून द्यावी असं वाटलं नाही.
लॅबमध्ये नवी आलेली नलू कुलथे अशीच होती,
वर्षभर कुणाशी धड बोलली नाही.

उरलेल्या पाच ठेवायच्या कुठे?
नेरूळचं माझं घर पश्चिमेचं, वरच्या मजल्यावर.
मे महिन्यात दिवाणाखाली चौतीस;
थर्मामीटर ठेवून पाहिलं, सवय जात नाही.
फ्रिजमध्ये बूच सुकतं.
शेवटी लखमशीभाई आठवले,
तुर्भ्याला त्यांचं कोल्ड स्टोरेज.
सूर्य मावळल्यावर चहासुद्धा न घेणारा माणूस.
अनोळखी पाहुण्याच्या चपलांकडे बघावं
तसं त्यांनी बाटल्यांकडे पाहिलं.
मग म्हणाले, "खजुराच्या खोलीत ठेवू. बारा डिग्री.
सफरचंदांजवळ नको, ती एकमेकांना पिकवतात."

दरवर्षी मार्गशीर्ष सरला की एक आणायची.
गेटपासवर ते लिहायचे, "द्राक्ष, नग एक,"
आणि विचारायचे, "पिकली?"
पहिल्या वर्षी नाही.
दुसऱ्या वर्षी मिरची गेली, कात तसाच.
तिसऱ्या वर्षी एप्रिलात कॉम्प्रेसर दोन दिवस बंद,
एका बाटलीचं बूच अर्धं वर आलं,
आत उकडलेलं जांभूळ.
ती सगळी मटणात गेली. मटण बरं झालं.
चौथीच्या वेळी नलू आली होती,
सुरमई तळून होईपर्यंत बाटली संपली.
तिच्याबद्दल वहीत काहीच नाही.

पाचवी ह्या पौषात.
मुलाने गाळा विकला, म्हणून लखमशीभाई
स्वतःच घेऊन आले, पेटीतल्या गवतात गुंडाळून.
"पिणार नाही. पण पाच वर्षं पोसली,
बघू तरी."
दोन बोटं ओतली. कडेला विटेचा रंग.
मला देवदार, पेन्सिलीचं टोक, तंबाखूची रिकामी डबी;
लिहायला पेन उघडलं.
त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला, नाकाजवळ नेला,
आणि बराच वेळ तसाच ठेवला.
"मशीद बंदर," म्हणाले. "बापूजींची वखार.
दमट गोणपाट, खाली खजूर,
कोपऱ्यात ती लाकडी पेटी, तिची चावी माझ्याकडे नसायची."
ग्लास परत दिला.
मी प्यायले. होतं सगळं.
गोणपाटसुद्धा.
पेन उघडंच राहिलं, सुकलं.

काल पुजारीकडे गेले.
नव्या सालाची, आठशे नव्वद, लेबल धड.
"सहा देऊ?"
मी आता त्रेसष्टची.
गाळा गेला. दिवाणाखाली चौतीस.
"चार दे," म्हटलं,
"आणि तुझा तो सोड्याचा फ्रिज,
मागच्या बाजूला किती डिग्रीवर असतो?"