घेण्यास नकार

मगदूम अण्णांच्या पोरानं जिन्याखाली वाळू टाकली
तेव्हा वाटलं, न्हाणीचा पत्रा बदलणार.
चौदा वर्षं सांगतोय.

पत्रा तसाच.
पुढच्या भिंतीला पुट्टी लागली,
दारात ग्रॅनाइटचा उंबरा बसला, काळा, घसरडा,
आणि महिनाअखेर वरून कागद आला:
नूतनीकरण झाल्यामुळे भाडे
अडीच हजारांऐवजी सहा हजार.

नूतनीकरण.
मी तो शब्द दोनदा वाचला
मशीनवर कोपर टेकून,
कुणाची तरी साडी निम्मी पिकोत अडकलेली.

आमच्या खोलीत एक रेघ होती.
खिडकीच्या वर चार बोटं.
कृष्णामाई आली होती तिथवर, एकोणीस साली,
गावभागातल्या सगळ्यांकडं गेली तशी आमच्याकडंही.
रेघेखाली पेन्सिलीनं तारीख, ह्यांच्या अक्षरात.
गाळ आम्ही काढला.
बादल्या मोजल्या नाहीत. मोजायला हव्या होत्या.
प्लास्टर आमचं, फरशी आमची,
वायरिंगला माझ्या पाटल्या गेल्या.
अण्णा तेव्हा विश्रामबागेत लेकीकडं,
फोनवर म्हणाले, "तुमचंच घर समजा."

समजलो.

ह्या खेपेला पोरगा आत आला,
त्या रेघेवर मोतिया रंगाचे दोन हात मारून गेला.
नूतनीकरण ते एवढंच, आमच्या बाजूचं.

शिरगुप्पे वकिलांनी पावत्या मागितल्या.
बिस्किटाचा डबा तसाच नेला.
पुरातल्या पावत्या एकमेकींना चिकटलेल्या,
त्यांनी त्या पट्टीनं सोडवल्या, पापड सोडवावेत तशा.
म्हणाले, "वर्षाला शेकडा चार. तेवढं द्या.
सुधारणेचं वेगळं असतं,
पण त्यात आधी तुम्हाला विचारायचं, मग खर्च दाखवायचा.
हा ग्रॅनाइट तुमच्या खोलीत आहे का?"
"नाही. आम्ही फक्त ओलांडतो."
"मग ओलांडायचं भाडं नसतं, बाई."

हे मार्केट यार्डात तोलाईला.
आयुष्य हळदीचा काटा बघण्यात गेलं,
शेकडा त्यांना तोंडपाठ.
पावतीच्या पाठीवर लिहिलं: दोन हजार सहाशे.
खाली दोनदा रेघ ओढली.

नोटा घेऊन वर गेले.
अण्णांनी हात पाठीमागं बांधले.
पंचवीस वर्षांत त्यांचा हात असा मी पहिल्यांदा बघितला,
म्हणजे, बघितलाच नाही.

म्हणून मनिऑर्डर.
पोस्ट इथून सात मिनिटं,
अण्णांचं दार इथून अकरा पायऱ्या,
पैसे गावाला वळसा घालून वर जातात
आणि परत येतात. लाल शाईत:
घेण्यास नकार.
जूनचे, जुलैचे, ऑगस्टचे.
वकील म्हणतात, जपून ठेवा, हीच तुमची पावती.
डब्यात आता नकारही साठतोय.

तांबोळी पोस्टमन चौथ्या खेपेला चहाला टेकले.
"मालनताई, हे दोन शब्द आता माझा हात आपोआप लिहितो."
बशी संपवली. उठले नाहीत.
मग हळूच,
"आमच्या मालकानं जिनाच काढायला घेतलाय. दुरुस्ती म्हणे.
तो वकील कुठं बसतो म्हणालात?"

श्रावणात भिंतीला ओल आली.
मोतिया रंगाला आधी फोड आले,
मग खिडकीच्या वर चार बोटं
तांबूस काहीतरी आडवं फुटलं.
तारीख नाही आली.
पेन्सिल कशी येईल.
पण पाणी कुठवर होतं, ते भिंत विसरली नाही.

पोरगा वॉटरप्रूफिंगचं बोलतोय.
म्हटलं, आधी लिहून दे, किती, कुणासाठी.
तो मोबाइल बघत वर गेला.

पाऊस असला की त्या उंबऱ्यावर मी पोतं टाकते.
अण्णा म्हातारे झालेत,
पहाटे बसदीला जाताना पाय सरकतो.
ते पोत्यावर पाय देतात, माझ्याकडं बघत नाहीत.
पोतं माझं.
त्याचं काही लावलेलं नाही.

आज पाच तारीख.
पोस्टात रांग असते, निघते.