कुठं जेवावं

कन्ना चौकातून डावीकडं वळ,
माग बंद पडलेले ऐकू येतील तिथं थांब.
पाटी नाही. लच्छव्वाची खानावळ कुणीही दाखवतं,
दाखवता दाखवता स्वतःही आत शिरतं.

काय पाहिजे, ती विचारत नाही.
हाताकडं बघते.
कांड्या भरणारा असलास तर चटणी दुप्पट,
इस्त्रीचा शर्ट असला तर आधी नुसतं पाणी.

शेंगाभाजीला तवंग. त्यात कडक भाकरी
मुठीनं चुरायची.
चमचा मागू नकोस. मी एकदा मागितला,
अजून मला तिथं साहेब म्हणतात.

तिचा श्रीनिवास जहाजावर स्वयंपाकी.
परवा फोनवर सांगत होता,
इथं बंदरावर मासे मिळतात हातभर,
लिंबू पिळून, वाळूत बसून खातात लोक.

ती काही बोलली नाही.
फोन उतरंडीला टेकवला
आणि त्याच्याजवळ
एक भाकरी मोडली.