सेक्टर तीन

शारजाच्या बाहेर, वाळू सुरू होते तिथे
अल सजा नावाची वस्ती आहे.
नाव अरबी, पण नकाशावर पहिल्यांदा वाचलं
तेव्हा मी मराठीतच दचकले.
तिथला टॉवर आमचा. साइट चारशे सतरा.
सेक्टर एकचं तोंड हायवेकडे,
दोनचं सिमेंटच्या कारखान्याकडे,
तीनचं लेबर कॅम्पकडे.

रात्रपाळीत मी त्याचा आलेख बघत बसायचे.
बोलणं आम्हाला ऐकू येत नाही, लोकांना वाटतं येतं.
फक्त किती कॉल, किती मिनिटं,
किती अर्ध्यात तुटले.
गुरुवारी रात्री नऊला सेक्टर तीन असा फुगायचा
की बिनॉय म्हणायचा, धाव, दूध उतू चाललं.
सरासरी अकरा मिनिटं.
अकरा मिनिटांत मावतं बरंच,
मुलीचा ताप, मेहुण्याचं लग्न, भिंतीचं राहिलेलं प्लास्टर,
आणि मग दोन्हीकडून नुसतं
अजून काय, अजून काय.

नोव्हेंबरात अकराचे आठ झाले.
पेपरात तेव्हा सगळं ठीक होतं.
डिसेंबरात ऑफिसच्या खिडकीतली क्रेन
एका शनिवारी थांबली ती तशीच,
हात लांब करून, काही मागत असल्यासारखी.
जानेवारीत चार मिनिटं.
फेब्रुवारीत कॉल एकदम वाढले,
मिनिटं मात्र शून्याला टेकली.
वरच्या मजल्यावर तो आकडा हिरव्या रंगात दाखवला,
हॅरिससाहेब म्हणाले, बघा, मागणी आहे.
मी सांगणार होते, साहेब, हे मिस्ड कॉल आहेत.
एक रिंग म्हणजे बरा आहे.
दोन म्हणजे पगार झालेला नाही.
सांगितलं नाही.
नोकरी मलाही हवी होती.

मग एकेक हँडसेट यादीतून जाऊ लागला.
विमानतळाच्या सेलवर तासभर दिसायचा.
तिथून पुढे आमचं जाळं नाही.

आमच्यात सुरुवात इरफान मुकादमपासून.
दापोलीचा. साठ मीटरच्या टॉवरवर
विडी शिलगावायचा, वाऱ्यात, एका काडीत.
'लुलू' नावाच्या मीटिंग रूममधून बाहेर आला
आणि जिन्याचा कठडा धरून धरून
दोन मजले उतरला.

माझा नंबर मार्चअखेर.
तीस दिवस, मग व्हिसा रद्द.
बदली माणूस नाही, एवढी पाळी पुरी करून जा, म्हणाले.
कामाच्या यादीत एकच काम होतं:
चारशे सतरा, सेक्टर तीन,
चारपैकी तीन कॅरिअर बंद. वीज वाचते.
पहाटे सव्वातीनला ओळ टाइप केली.
मशीनने विचारलं, नक्की?
आजवर इतक्यांदा विचारलंय, कधी वाचलं नव्हतं.
बटण दाबलं.
मला वाटलं होतं, आता कॉल तुटतील,
कुठेतरी लाल दिवा लागेल.
आलेख हललासुद्धा नाही.
उरलेल्यांना एक कॅरिअर पुरून उरत होता.

सकाळी बिल्ला दिला, लॅपटॉप दिला,
बॅटरी काढून सिम काढलं.
सहा वर्षांचा नंबर, मिरजेत फोनशेजारच्या भिंतीवर
आईने पेन्सिलीने लिहिलेला,
वर पुन्हा पेनाने गिरवलेला.

अबू शगाऱ्यात कुन्हीच्या बकाल्यातून नवं सिम घेतलं.
पंचवीसचं कार्ड मागितलं.
ठेवत नाही आता, म्हणाला, दहाचंच जातं.
कोथिंबिरीची जुडी तशीच घातली पिशवीत, हिशेबात न धरता.
त्यालाही कळलं असावं.

बिल्डिंगखाली एसीचं पाणी ठिबकत होतं, तिथे उभी राहिले.
एक रिंग देऊन ठेवणार होते.
तिने पहिल्याच रिंगला उचलला.
कोण?
मी, म्हटलं.
हा कुणाचा नंबर? बरं, असू दे,
लवकर बोल, तुझे पैसे जातायत.